टाचेतला घुसखोर

पत्र रुग्णालयाचं होतं आणि त्यात एकही वाक्य सरळ नव्हतं, म्हणून सूनबाईनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अर्थ लागला. ज्या पुरवठादाराच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी जुनी आहे की खुद्द बनवणाऱ्या कंपनीनंच तिच्याबाबतीत हात झटकले आहेत, त्यानं एक तर तो कॉम्प्युटर बदलावा, नाहीतर पंधरा दिवसांत त्याचा पक्का बंदोबस्त करून तपासणीला तयार राहावं. दोन्ही जमत नसेल, तर पुढल्या महिन्यापासून रुग्णांच्या पायांची मापं दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्याकडे जातील. खाली सही, शिक्का आणि 'आपला विश्वासू'.

यांचाही कारखानाच, पण आपला बोलायला. रस्त्याला लागून तीन खोल्या. पहिलीत गिऱ्हाइकांचं बाकडं आणि चालून दाखवायला भिंतीपर्यंत मोकळी जागा, दुसरीत शिलाईचं यंत्र आणि चामड्याचे गठ्ठे, तिसरीत फर्मे कोरायचं यंत्र. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. त्याच्यावर चामडं ताणून बूट शिवतात. साधे बूट इथे होत नसत. एक पाय आखूड, घोटा आत वळलेला, बोटं एकमेकांवर चढलेली, असे ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांशी भांडतात त्यांचे बूट इथे होत. रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर मापं आणि आकडे फाइलमध्ये पाठवत, यंत्र त्याबरहुकूम फर्मा कोरी, टाचेखाली घालायचा तुकडा कोरी, आणि मग मास्तर, म्हणजे सूनबाईचे सासरे, त्यावर बूट चढवत.

यंत्राला हुकूम देणारा कॉम्प्युटर अठरा वर्षांचा होता. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती आणि तिचा प्रोग्राम त्या एका कॉम्प्युटरखेरीज कुणाचं ऐकत नसे. मागे एकदा सूनबाईनं तो नव्या कॉम्प्युटरवर चढवून पाहिला, तर यंत्रानं उजव्या पायाऐवजी एक चांगला गोलमटोल बटाटा कोरून दिला. शिलाईवाल्या काकू तो बटाटा दाराला अडण म्हणून लावत.

बदलणं शक्य नव्हतं, म्हणजे बंदोबस्त आला. सूनबाईला धाकधूक कारखान्याची कमी आणि सासऱ्यांची जास्त होती. दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरायचा. चामडं कापायची रापी अजून चालून जायची, पण लाकूड कोरणं संपलं होतं. यंत्र बंद पडलं की कारखाना बंद, आणि कारखाना बंद झाला की हा माणूस सकाळी उठून करणार काय? सासूबाई गेल्या तेव्हा ते तीन आठवडे तोंडातून शब्द काढत नव्हते. चौथ्या आठवड्यात बोलले ते कुणाच्या तरी टाचेबद्दल. नवरा बोटीवर नोकरीला, सहा महिने समुद्र आणि सहा महिने झोप. तेव्हा जे काही करायचं ते हिलाच करायचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "या कॉम्प्युटरला आता चोरांपासून सांभाळायला लागणार."

"त्यात चोरण्यासारखं काय आहे?"

"पाय."

"लोकांचे वाकडे पाय नेऊन कोण काय करणार?"

"नेणार नाहीत हो. आत शिरतील, आकडे फिरवतील. चौदाचे सोळा करतील. आपल्याला पत्ताही लागणार नाही."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "चौदाचे सोळा?"

"हो."

"वाईट," ते गंभीरपणे म्हणाले. "फारच वाईट. तू कर बंदोबस्त. मी आहे पाठीशी."

आणि खरंच होते की! सूनबाईनं इंटरनेटची वायर उपटली तेव्हा तिचं दुसरं टोक त्यांनी धरलं आणि मेलेला साप उचलावा तशी ती दोन बोटांत धरून बाहेर नेऊन टाकली. पहिल्या खोलीत तिनं एक नवा कॉम्प्युटर दारवान म्हणून बसवला. रुग्णालयाची फाइल आधी त्याच्याकडे यायची, तिथे तिची झडती व्हायची, मूळ प्रत तिथेच राहायची, आणि मग एका लाल पेनड्राइव्हवरून ती आत जायची. तो लाल सोडून दुसरा कुठलाही पेनड्राइव्ह आत जायचा नाही. त्यासाठी बाकीची भोकं बुजवायची ठरली.

"यात सोल्यूशन भरू का?" तिनं बूट चिकटवायच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"पिवळं नको, उन्हाळ्यात सुटतं," सासरे म्हणाले. "काळं घे. वर चामड्याची चकती मार. चोराचा बाप आला तरी उघडणार नाही." आणि थरथरत्या हातानं, जीभ दातांत धरून, त्यांनी स्वतः चकत्या मारून दिल्या.

मग सफाई. अठरा वर्षांत त्या कॉम्प्युटरवर काय काय साठलं होतं! पत्त्यांचे चार खेळ, पोहणाऱ्या माशांचा एक पडदा, काकूंच्या भाचीच्या लग्नाचे तीनशे फोटो, ज्यांतल्या अडीचशेत काकूंचा फक्त कोपर होता. सगळं काढलं. तीन प्रोग्राम उरले: फाइल उघडायचा, आकडे बघायचा आणि कोरायचा. चौथं काही सुरूच होणार नाही अशी तजवीज केली. होतं नव्हतं त्याच्या दोन प्रती काढल्या, एक कपाटात, एक घरी. रोजच्या कामाला साधं खातं ठेवलं, ज्याला कामापुरतं दिसेल आणि काही मोडता येणार नाही. मुख्य खात्याला वेगळा पासवर्ड. आणि सगळ्यावर कडी म्हणून खोक्याभोवती जाळी ठोकून कुलूप लावलं.

"आता माशीसुद्धा शिरणार नाही," सूनबाई म्हणाली.

"शाब्बास," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं सहज एक फाइल ताडून पाहिली. दारवानाकडच्या मूळ प्रतीत टाचेची उंची बारा मिलिमीटर होती. आत चौदा होती.

तिनं डोळे चोळले. दुसरी फाइल काढली. बाहेर नऊ, आत आठ. तिसरी सारखी. चौथीत टाच तीच, पण तळव्याची कमान दीड मिलिमीटरनं उचललेली. सूनबाई स्टुलावर बसली. काकूंनी पाणी आणून दिलं.

"शिरलाय कुणीतरी," ती म्हणाली.

"कुठून शिरणार? वायर तर मास्तरांनी टाकली."

"तेच कळत नाहीये."

काकू शिलाई करता करता विचार करणाऱ्यातल्या. टाका पूर्ण करून त्या म्हणाल्या, "पोरी, हा कसला गं घुसखोर? दोन मिलिमीटर वर, एक खाली. नासधूस नाही, काही नाही. मला तर भला माणूस वाटतो."

सूनबाईला हसू आलं नाही. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं: तपासणीच्या दिवशी दहा फाइली काढून ताडून बघणार, पाठवलेला आकडा आणि कोरलेला आकडा एकच असला पाहिजे. नसला तर कॉम्प्युटर सील. तिनं पासवर्ड बदलला. सासरे मागे खुर्चीत डुलक्या घेत होते, त्यांनी मध्येच एक डोळा उघडून "आकडेही घाल त्यात, नुसती अक्षरं कच्ची पडतात," असा सल्लाही दिला. तिनं आकडे घातले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन टाचा बदललेल्या. तिनं पुन्हा पासवर्ड बदलला, चौदा अक्षरांचा. पुन्हा एक कमान. तिनं मुख्य खात्याचा बदलला, साध्याचा बदलला, जाळीचं कुलूप बदललं. सासरे प्रत्येक वेळी हळहळत. "काय दिवस आलेत! तू चहा घे आधी," म्हणत.

तपासणीला तीन दिवस उरले तेव्हा जुन्या कीबोर्डची कळ अडकायला लागली, म्हणून तिनं नवा कोरा पांढराशुभ्र कीबोर्ड लावला. दुपारी तयार बुटांची खोकी घेऊन ती रुग्णालयात पोचवायला गेली, अर्ध्या तासात परत आली. नव्या कीबोर्डच्या एकावर, सहावर आणि एंटरवर पिवळे, चिकट, अंगठ्याएवढे डाग होते. तिनं वास घेतला. सोल्यूशन.

कारखान्यात सोल्यूशनमध्ये हात असणारा माणूस एकच होता. तो शेजारच्या खोलीत पाठमोरा बसून एका बुटावर निष्ठेनं ब्रश मारत होता. त्याचे कान मात्र टवकारलेले होते.

"बाबा."

"हं."

"इकडे बघा."

त्यांनी बघितलं नाही. "ते यंत्र बाई, मला त्यातलं काही कळत नाही," ते बुटाला म्हणाले. "हात लावला तर झटका बसतो म्हणतात."

"झटका मला बसलाय. तुम्ही आकडे फिरवता?"

सासऱ्यांनी ब्रश खाली ठेवला, झाकण लावलं, हात पुसले. चोरी पकडल्यावर माणसाला जेवढा वेळ काढता येतो तेवढा सगळा काढला. मग म्हणाले, "फिरवत नाही. बरोबर करतो."

"केव्हापासून?"

"अकरा वर्षं झाली असतील."

मागे शिलाईचं यंत्र थांबलं. गेली अकरा वर्षं ज्या सासऱ्यांना आपण मोबाइलवर फोटो मोठा करून देतो, ते रोज दुपारी आपल्या खुर्चीत बसून रुग्णालयाच्या फाइली दुरुस्त करत होते! तिला राग आला, हसू आलं, आणि दोन्हींच्या मधोमध एक शंका आली.

"पण पासवर्ड? मी चारदा बदलला!"

"तूच तर सांगतेस दर वेळी."

"मी?"

"तू टाइप करताना बोलतेस, सूनबाई," काकू आतून म्हणाल्या. "मलाही पाठ आहेत सगळे. परवाचा तर फारच लांबलचक होता."

सूनबाईनं कपाळाला हात लावला. लग्नाआधी नऊ वर्षं ती टेलिफोन कार्यालयात होती. नंबर फिरवताना मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे चूक होत नाही, ही तिथली शिस्त. जीभ ती शिस्त अजून पाळत होती. वायर उपटली, भोकं बुजवली, जाळी ठोकली, आणि किल्ली दर वेळी स्वतःच्या तोंडानं वाटली.

"ओठांत दोन खिळे धरत जा," सासरे म्हणाले. "मी काम करताना धरतो. तोंड उघडत नाही."

"बाबा, विषय बदलू नका. का करता हे?"

ते बाहेरच्या खोलीकडे, मोकळ्या जागेकडे बघत राहिले. "रुग्णालयाच्या फाइली यायला लागल्या तेव्हा डॉक्टर आले होते. मी एका पोराला भिंतीपर्यंत चालवून बघत होतो. तर म्हणाले, मास्तर, नजरेचे दिवस गेले, तुमचंही वय झालं. आकडा आम्ही देऊ, तुम्ही फक्त बनवा. मी म्हटलं, होय साहेब." त्यांनी खांदे उडवले. "ते माणसाला उभं करून मोजतात. उभं राहायला बूट लागत नाही गं. चालायला लागतो."

"मग त्यांना सांगायचं."

"सांगून काय होणार? काम काढून घेतील. मी होय साहेब म्हणतो, ते खूश. मी टाच नीट करतो, पाय खूश. कुणाचं काय बिघडलं?"

बिघडायला आता तीन दिवस होते. सूनबाईनं त्यांना परोपरीनं समजावलं. तुमचं वेगळं खातं काढते, तुम्ही केलेला बदल तुमच्या नावावर पडेल, शेजारी वहीत कारण लिहा, आपण तपासणीत उजळ माथ्यानं दाखवू. सासरे ढिम्म. नाव नको. नाव आलं की डॉक्टरांपर्यंत जाणार. "मशीन जुनं आहे, चुकलं असेल म्हण," ते म्हणाले. तिनं सांगितलं की असं म्हटलं की त्याच मिनिटाला ते सील होईल. त्या दिवशी त्यांनी चहा अर्धा टाकला.

रुग्णालयाच्या तपासनीस बाई आल्या त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी. काखेत पिशवी, हातात यादी, चेहऱ्यावर नावालाही हसू नाही. चहा नको म्हणाल्या, खुर्ची नको म्हणाल्या. सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. अशा वेळी त्यांना नेमकी गाढ झोप लागे. बाईंनी वायरीचं भोक पाहिलं, चामड्याच्या चकत्या पिनेनं उचकटून पाहिल्या, पिन वाकली. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. "भारी आहे." झोपलेल्या मास्तरांच्या मिशा किंचित हलल्या.

मग त्यांनी सूनबाईला पासवर्ड टाकायला सांगितलं. सूनबाईनं डबीतून दोन खिळे घेतले, ओठांत धरले आणि टाइप केलं. तपासनीस बाई बघतच राहिल्या.

"हे काय?"

सूनबाईनं खिळे काढले. "सुरक्षा," ती म्हणाली.

बाईंनी यादीत काहीतरी लिहिलं. तीन प्रोग्राम बरोबर, प्रती बरोबर, दारवान बरोबर. मग त्यांनी डोळे मिटून दहा फाइली निवडाव्यात तशा निवडल्या आणि दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी लिहायला घेतले. पहिली जुळली. दुसरी नाही. तिसरी नाही. खोलीत पेनाचा आवाज तेवढा येत होता. दहा झाल्या तेव्हा सात जुळत नव्हत्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "इतका चांगला बंदोबस्त मी या महिन्यात कुठे बघितला नाही," त्या म्हणाल्या, "आणि इतके बदललेले आकडेही नाहीत. हे यंत्रानं केलं, की माणसानं?"

सूनबाईनं हातातले खिळे डबीत टाकले.

"हे बघा, आकडा बरोबर की चूक हे ठरवणं माझं काम नाही. मला बुटांतलं कळत नाही. मला एवढंच पाहिजे: बदल कुणी केला आणि का केला. नाव आणि कारण असेल तर तो बदल. नसेल तर ती घुसखोरी, आणि मग मला हा कॉम्प्युटर बंद करावा लागेल."

सूनबाईनं खुर्चीकडे पाहिलं. मिटलेले डोळे. गुडघ्यावर थरथरणारा हात. या माणसाला उद्यापासून ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला मोजायला लावायचं? तिला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

"मी केले," ती म्हणाली.

"बरं. न जुळलेल्यांतल्या या पहिल्या फाइलीत बाराचे चौदा का?"

सूनबाईनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिला काय माहीत! बारा काय, चौदा काय, तिच्या लेखी दोन्ही टाचाच.

"शाळेतली मुलगी आहे ती," कोपऱ्यातून आवाज आला. "दप्तर कायम डाव्या खांद्यावर. डॉक्टरांकडे दप्तर काढून उभी राहते." सासऱ्यांनी डोळे उघडले होते. उठायला त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला, पण उठले. "सूनबाईला यातलं काही ठाऊक नाही. तिला सोडा. मी केलेत."

"सगळे?"

"सगळे. विचारा."

बाईंनी विचारलं, आणि मास्तर सांगत गेले. हे टपाल वाटतात, यांचा सगळा भाग चढाचा. हे शिंपी, दिवसभर उजवा पाय यंत्रावर. या बाई नवऱ्याबरोबर आल्या की ताठ चालतात आणि एकट्या आल्या की लंगडतात. "एकट्या आल्या तेव्हाचं धरलं मी." कागद बघावा लागला नाही, अडखळले नाहीत. अकरा वर्षं जे बोलले नव्हते ते धडाधड बाहेर पडत होतं, आणि थरथरणारा हात हवेत नेमकी उंची दाखवत होता. काकू दारात येऊन उभ्या होत्या. आपण या माणसाला यंत्रापासून लांब ठेवायला निघालो होतो, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सातवी फाइल आली तेव्हा मात्र मास्तर थांबले.

"आठाचे अकरा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी वरचं नाव वाचलं आणि त्यांच्या भुवया पहिल्यांदाच वर गेल्या. "हे तर आमचे हाडांचे डॉक्टर."

"त्यांचा डावा पाय आखूड आहे. कुणाला कळत नाही."

"कळत नाही कारण त्यांनी स्वतःचं माप स्वतः काढलंय. सगळ्यांना सांगतात ते. बूट दाखवतात."

"दाखवतात, हो," मास्तर म्हणाले. "स्वतःला मोजताना माणूस ताठ उभा राहतो, मॅडम. चालताना कुठला राहतोय!"

तपासनीस बाईंनी रुमाल काढून नाक पुसलं. बराच वेळ पुसत होत्या. रुमाल खाली आला तेव्हा चेहरा पुन्हा यादीसारखा झाला होता, पण चहा मात्र त्यांनी मागून घेतला.

मग तिथल्या तिथे त्यांनी मास्तरांचं वेगळं खातं उघडून घेतलं. मास्तर पासवर्ड टाकत असताना बाकी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, सूनबाईलासुद्धा. "हा कुणाला सांगायचा नाही," त्या म्हणाल्या. "इथून पुढे तुमची नोंद तुमच्या नावानं पडेल. हे सातही बदल आत्ता तुमच्या नावानं, कारणासकट चढवा. तुमच्या नोंदीला तुमच्याखेरीज कुणालाही हात लावता येणार नाही, मलाही नाही." सगळी कारणं जशीच्या तशी अहवालात गेली. घुसखोरी नाही, असा शेरा पडला. "आता फक्त डॉक्टरांची सही," जाताना त्या म्हणाल्या. "मापं त्यांच्या विभागाची ना."

त्यानंतरचे चार दिवस कारखान्यात कुणी मोठ्यानं शिंकलंही नाही. पाचव्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतःच्या नावानं दोन टाचा दुरुस्त केल्या, वहीत कारणं लिहिली, आणि ते शाई वाळायची वाट बघत होते तेवढ्यात डॉक्टर दारात उभे राहिले. हातात अहवाल, कपाळावर आठ्या.

"मास्तर, माझ्या बुटात तुम्ही काय केलंय?"

"तीन मिलिमीटर, साहेब."

"मी आठ लिहिले होते. मला आठ पाहिजेत. आत्ता."

"होय साहेब," मास्तर म्हणाले. सूनबाईनं मूळ फाइल आत नेली. यंत्र घरघरलं, अर्ध्या तासात आठ मिलिमीटरचा तुकडा कोरून झाला. तोवर डॉक्टर बाकड्यावर ताठ बसून होते. तुकडा बुटात बसवला. डॉक्टर उठले, रुबाबात भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. पुन्हा गेले. तिसऱ्या फेरीत डावा खांदा खाली जायला लागला. चौथीत त्यांनी भिंतीला हात लावला, सहज लावावा तसा. काकूंनी शिलाई थांबवून नजर मुद्दाम छताकडे वळवली. मास्तर होय साहेबही म्हणाले नाहीत.

डॉक्टर बाकड्यावर बसले. आठाचा तुकडा काढून बाजूला ठेवला, अकराचा पुन्हा बसवला, नाड्या बांधल्या. एवढ्याशा कामाला त्यांना बराच वेळ लागला.

"अकराच राहू दे," ते शेवटी नाड्यांना म्हणाले. मग घसा खाकरून, "सही करतो मी. काम इथेच राहील. फक्त ती शेवटची नोंद... म्हणजे, हा बदल मीच सुचवला असं करा. माझं नाव टाका. उगाच विभागात चर्चा नको."

"मला नाही टाकता येणार, डॉक्टरसाहेब," सूनबाई म्हणाली.

"यंत्रात नाव बदलता येत नाही?"

"आधी काहीही बदलता यायचं. तुमच्या रुग्णालयानंच बंद करून घेतलं. आता ज्याची नोंद त्यालाच आत जाता येतं." ती सासऱ्यांकडे वळली. त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी नरमाई पसरायला लागली होती. अकरा वर्षांची सवय; ओठ 'होय' म्हणायला गोलही झाले होते. एका सहीसाठी हे आपलं नाव स्वतःच पुसणार, आणि आपल्याला अडवता येणार नाही.

"मास्तर?" डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं. डॉक्टरांच्या बुटांकडे पाहिलं. मग थरथरता हात डोक्यावर नेऊन त्यांनी पांढरे केस हळूहळू खाजवले, आणि त्यांच्या तोंडावर जगातला सगळा भोळेपणा गोळा झाला.

"पासवर्ड विसरलो, साहेब," ते म्हणाले. "वय झालं."

डॉक्टरांनी पेन काढलं, अहवालावर सही केली आणि अकरा मिलिमीटरवर, अजिबात न लंगडता, दाराबाहेर गेले.